काटा बंद पडला, आता दुकान टाकू का?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे 47 वर्षांचे. 2003 च्या हंगामापासून सलग 22 वर्षं ते एकाच जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात होते, आधी वजनकाट्यावर आणि पुढे मुनीम म्हणून. मोठे शेठ वारले, मुलं नागपूरला स्थायिक झाली. गेल्या हंगामानंतर मशिनरी विकली गेली आणि आता त्या जागेवर प्लॉटचं लेआऊट पडणार आहे. शेवटचा पगार 16,000 रुपये होता. धाकटे शेठ म्हणाले, "दिवाळीला पन्नासेक हजार देऊ." तीन एकर कोरडवाहू शेती आहे, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा चाकणला कंपनीत. पीककर्ज सोडलं तर कोणाचं देणं नाही, घरात दाणागोटा आहे.

साळ्याचा आग्रह आहे की दीड एकर विकून भागीत कृषी केंद्र, म्हणजे बी-खत-औषधांचं दुकान टाकावं, परवाना भाच्याच्या पदवीवर काढावा आणि दसऱ्याला मुहूर्त करावा. मुलगा म्हणतो, "इकडे या, सिक्युरिटीत लावून देतो." वणीकडच्या एका जिनिंगमधून हंगामापुरतं बोलावणं आहे. पत्रात एका कोपऱ्यात हेही आहे: "घरची म्हणते बचत गटाची दालमिल घेऊ, पण तो बायांचा कारभार."

ते लिहितात: "मला दुसरं काहीच येत नाही. मुठीत कापूस घेतला की ओल सांगतो, सरकी दाताखाली धरली की समजते. ती विद्या आता कोणाच्या कामाची? पोळा होऊन गेला. जो तो विचारते, मुनीमजी आता काय करून राह्यले? पारावर जाणंच सोडून दिलं. सकाळी सात वाजले की पाय अजून फाटकाकडे जातात. रात्री तीनला जाग येते ते उजाडेपर्यंत. दसऱ्याच्या आत काहीतरी ठरवायचं आहे. दुकान टाकू का?"

---

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी खटकली ती दसऱ्याची मुदत. ती कोणी घातली? बँकेनं नाही, घरानंही नाही. तुम्हीच लिहिलंय की देणं नाही, दाणे घरात आहेत, मुलीच्या फीला मुलाचा हातभार आहे. म्हणजे चार-सहा महिने तरी चूल अडत नाही. अडलंय ते पारावर. लोकांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही, आणि दुकानाची पाटी लागली की उत्तर मिळेल असं तुम्हाला वाटतंय.

दसराच का, तेही मला समजतं. जिनिंगचा मुहूर्त त्याच सुमाराला असायचा. पहिल्या गाडीला हार, नारळ, काट्याची पूजा, हमालांना पेढे. बावीस वर्षं तुम्ही त्या दिवशी फाटकाच्या आत होतात आणि या वर्षी बाहेर असणार. तो दिवस रिकामा जाऊ नये म्हणून दुसरा कसला तरी मुहूर्त हवा, असं मन म्हणणारच. पण एका रिकाम्या दिवसाच्या धाकानं दीड एकर विकू नका. विकलेली जमीन तुमच्या-आमच्या पगारात परत घेता येत नाही.

आता लोकांच्या प्रश्नाचं. "काय करून राह्यले" हे तुम्हाला टोचतं, कारण त्यात तुम्हाला कीव ऐकू येते. काहींच्या बोलण्यात ती असेलही. पण थोडा विचार करा, हे विचारणारे कोण आहेत? बावीस वर्षं ज्यांच्या बंड्या आणि मेटॅडोर तुमच्या काट्यावरून गेले, तेच. जिनिंग फक्त तुमची बंद झाली नाही, त्यांचीही झाली. यंदा कापूस कुठं न्यायचा, तिथं काटा कसा असेल, ओल किती धरतील, चुकारा किती दिवसांनी मिळेल, हे त्यांना माहीत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मनात तरी असं असणार की मुनीमजी नाहीत, तर आमचा माल आता कोण पाहील? पारावर जाणं सोडल्यामुळे हा दुसरा प्रश्न तुमच्या कानावरच आलेला नाही. एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा. "सध्या घरी आहे, दिवाळीनंतर ठरवतो" एवढं उत्तर पुरे आहे.

पुढं जाण्याआधी झोपेचं बोलते. रात्री तीनला जाग येणं, जेवण न जाणं, सकाळी पाय आपोआप जुन्या वाटेला लागणं, हे इतक्या वर्षांचं काम सुटलेल्या माणसाला होतं. त्यात कमीपणा काही नाही. पण ते महिनाभराच्या वर चाललं असेल तर अंगावर काढू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. आपल्या जिल्ह्यानं काय काय पाहिलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. कधी जगणंच नकोसं वाटलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच घटकेला वहिनींना उठवा आणि हा नंबर लावा.

आता पैशाकडे येऊ, कारण इथं तुमचा मोठा गैरसमज झालाय. धाकट्या शेठनं "पन्नासेक हजार देऊ" म्हटलं आणि तुम्ही ते दिवाळीच्या बक्षिसासारखं मान्य केलंत. भाऊ, तो तुमचा हक्काचा पैसा आहे. उपदान कायदा, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, 1972 चा, आणि तुमची नोकरी सुटली तेव्हा कारखान्याला तो लागू होता. पाच वर्षं सलग नोकरी झाली की नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो, आणि त्यासाठी महिना 26 दिवसांचा धरतात. तुमचा 16,000 हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून असेल तर 16,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 22 करा. दोन लाख तीन हजारांच्या आसपास येतात. हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. जिनिंग हंगामी धंदा आहे, आणि फक्त हंगामापुरत्या ठेवलेल्या कामगाराला त्याच कायद्यात एका हंगामामागे सातच दिवसांचा पगार आहे. कोणी तुम्हाला त्या खात्यात ढकलू पाहील. तुम्ही बारमाही होतात. सरकीचा हिशेब, पावसाळ्यातली मशीनची डागडुजी, शेठच्या कोर्टकचेऱ्या, हे सगळं तुमच्याकडे असल्याचं तुम्हीच लिहिलंय. त्याचा पुरावा म्हणजे पगाराची वही, जी तुमच्याच हस्ताक्षरात आहे. जून-जुलैच्या सह्यांची पानं मिळाली तर त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. आधी धाकट्या शेठकडे लेखी अर्ज द्या, गोडीत. मोठ्या शेठशी तुमचे संबंध चांगले होते म्हणून हक्क मागायला संकोच वाटेल, पण अर्ज दिल्यानं उपकार फिटत नाहीत आणि बुडतही नाहीत. ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जा. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तोही तपासा. दहा वर्षांच्या वर वर्गणी भरली गेली असेल तर 58 व्या वर्षापासून थोडी का होईना मासिक पेन्शन बसते. ती रक्कम भविष्याच्या कुठल्याही बेतात धरायला हवी.

"ती विद्या आता कोणाच्या कामाची" असं तुम्ही विचारलंत. मला ते वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही जे दोन वाक्यांत उडवलंत ते मी लहानपणी काट्याजवळ उभं राहून पाहिलेलं आहे. मुनीम गंजीच्या वरचा कापूस घेत नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो आणि पोटातली मूठ बाहेर काढतो. दाबतो, सोडतो, कापूस पुन्हा फुलतो का ते बघतो. चिमटीत धागा ओढून लांबी पाहतो. सरकी दाताखाली धरतो. कट्ट वाजली तर वाळलेली, चेपली तर ओली. कवडी म्हणजे किडका कापूस किती, फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा कापूस मिसळलाय का, वेचणी दव असताना झालीय का, हे सगळं मिनिटभरात.

2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला होता. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव देतं, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कापतं आणि त्याच्या पुढं माल घेत नाही. म्हणजे त्या भावानं 10 टक्के ओल निघाली तर क्विंटलमागे 162 रुपये गेले. आणि 13 निघाली तर गाडी परत, भाडं अंगावर. याउलट खेडा खरेदीवाला गावात येतो, गंजीला नुसता हात लावतो, "ओला आहे" म्हणतो आणि चारपाचशे खाली मागतो. त्याचा काटा खरा की खोटा तेही कोणाला माहीत नसतं. शेतकऱ्याला घरीच कोणी खरं सांगितलं की "हा अकरावर आहे, दोन दिवस पसरून ठेव, मग ने", तर त्याचा थेट फायदा आहे. जिनिंग चालू होती तोवर तुमच्या विद्येचं मोल शेठ देत होते. ती गेल्यावर गावाची गरज उलट वाढली आहे. त्याचे पैसे कसे होतील, हा मात्र खरा प्रश्न आहे. त्याकडे येते, पण आधी दुकान.

कृषी केंद्राला माझा सरसकट विरोध नाही. चांगलं चालवणारे लोक आहेत. तुमच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट नको म्हणते, आणि त्याचं कारण तुमची पत आहे.

तुमचे साळे म्हणतात, "भाऊजी, तुमची पंचवीस गावांत ओळख, गिऱ्हाईक चालत येईल." बरोबर आहे, येईल. पण ते कशासाठी येईल? जून उजाडला की बियाणं हवं आणि खिसा रिकामा असतो. बीटी कापसाचं पाकीट नऊशेच्या घरात, एकरी दोन पाकिटं, वर डीएपी, युरिया, तणनाशक, मग फवारणीची औषधं. पाच एकरवाल्या शेतकऱ्याची उधारी सहज 25,000 होते. असे चाळीस शेतकरी धरले की 10 लाख झाले. दीड एकर विकून आणि साळ्याचं घालून तुम्ही जेवढं भांडवल उभं करणार, तेवढं सगळं पहिल्याच पावसाळ्यात लोकांच्या वावरात पेरलं जाईल. कंपनीला मात्र पैसे वेळेवर हवे असतात. बोंडअळी आली, नाहीतर ऑक्टोबरात पाऊस लागला, की उधारी पुढच्या सालावर जाते. अनोळखी दुकानदार "नाही" म्हणू शकतो. तुम्ही म्हणू शकाल? ज्याची बंडी तुम्ही वीस वर्षं मोजली, ज्यानं कधी तुमच्या काट्यावर शंका घेतली नाही, तो समोर उभा राहून "मुनीमजी, पहिल्या वेचणीची सीतादही झाली की देतो" म्हणाला, तर तुम्ही पाकीट काढून द्याल. आणि जानेवारीत त्याच्याच दारात वसुलीला उभे राहाल. दोन हंगामांत पैसाही अडकेल आणि माणसंही तुम्हाला पाहून रस्ता बदलतील. बावीस वर्षांत तुम्ही जी पत कमावली तीच या धंद्यात तारण म्हणून जाणार आहे. साळ्याचे चार लाख बुडाले तर ते परत कमावता येतील. तुमचं हे भांडवल दुसऱ्यांदा जमत नाही.

परवान्याचंही सांगते. कीटकनाशकं विकायला शिक्षणाची अट उगाच घातलेली नाही. 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, कित्येक दवाखान्यात पडून होते. दुकानात उभा असलेला माणूस "हे आणि हे मिसळून मार" म्हणतो आणि समोरचा त्यावर विश्वास ठेवतो. तुमच्यावर तर जास्तच ठेवतील. पदवी भाच्याची, तो पुण्यात, आणि सल्ला तुम्ही देणार, ही जबाबदारी घेऊ नका.

चाकणचं एवढंच म्हणेन की मुलानं मनापासून बोलावलंय, त्याचा मान ठेवा, दिवाळीनंतर आठ दिवस जाऊन या. बारा तास गेटवर उभं राहणं आणि दहा बाय दहाच्या खोलीत तिघं, हे पन्नाशीला आलेल्या माणसानं शेती पडीक ठेवून करायचं काम आहे असं मला वाटत नाही. दुसरा इलाजच उरला नाही तर तेव्हा बघता येईल. ती वाट कुठं पळून जात नाही.

वणीच्या जिनिंगला मात्र मी हो म्हणेन, या एका हंगामापुरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घराला पगार येईल, सात वाजता पायांना जायला जागा मिळेल, आणि डोकं शांत असताना पुढचं ठरवता येईल. बोलणी करताना राहण्या-जेवणाचं आणि रविवारच्या सुट्टीचं आधी ठरवा. दरवर्षी घर सोडून चार महिने बाहेर, हे कायमचं उत्तर नाही, आणि तसं ते कोणी म्हणतही नाहीये.

आता दालमिल. भाऊ, पत्रातल्या सगळ्या बेतांमध्ये हा एकच बेत तुम्ही अर्ध्या ओळीत संपवलात, आणि मला तोच सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा वाटतो. "बायांचा कारभार" म्हणून बाजूला ठेवलात. त्या बायांनी इतकी वर्षं गट चालवलाय, बँकेचं कर्ज उचललंय आणि फेडलंय. गावात तूर किती होते, किती घरं दळायला तालुक्याला नेतात, तिथं मजुरी काय पडते, हे तुम्ही वहिनींना कधी विचारलंत का? माझा अंदाज आहे की त्यांच्याकडे आकडे आहेत आणि तुम्ही विचारण्याची त्या वाट पाहत आहेत.

आपल्या भागात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल बऱ्याच गटांनी घेतलेली आहे. सुरुवात मजुरीवर दळून देण्यापासून करावी. तूर लोकांची, डाळ लोकांची, तुम्ही दळण्याचे पैसे रोख घ्यायचे. त्यात माल विकत घेऊन अडकायचं नाही आणि उधारीला जागाच कमी राहते. चुनी-कोंडा जनावरांना जातो, त्यालाही गिऱ्हाईक गावातच आहे. स्वतःची तूर घेऊन डाळ पॅक करून विकणं हा पुढचा टप्पा, घाई करायची नाही.

पैशासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे. 2020 साली सुरू झाली, 2025-26 पर्यंत वाढवली होती, म्हणून ती अजून चालू आहे का ते आधी विचारा, यात मात्र वेळ घालवायला नको. प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के. बाकी बँकेचं कर्ज. समजा शेड धरून चार लाखांचं काम आहे, तर आपले 40,000 आणि अनुदान 1 लाख 40 हजार. पण हे अनुदान हातात मिळत नाही. बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि काम नीट चाललं, हप्ते थकले नाहीत, तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. तोवर हप्त्याची ताकद गटात असायला हवी. गटातल्या सभासदांना खेळत्या भांडवलासाठी प्रत्येकी 40,000 पर्यंतची वेगळी तरतूदही या योजनेत आहे, ती उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या तालुका कार्यालयातून समजेल. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात. मशीन घेण्याआधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाचं विचारा, आणि आसपासच्या एखाद्या चालू गटाच्या मिलवर पूर्ण दिवस बसून या. लाइन कधी असते, कधी जाते, ते त्यांनाच विचारा. कित्येक मिल तिथंच अडकतात.

यात तुमची जागा कुठली, हे नीट ठरवायला हवं. मालकी गटाची राहू द्या, काटा आणि वही तुम्ही सांभाळा. पंधरा बायांनी ठरवायचं आणि तुम्ही हिशेब मांडायचा, हे सुरुवातीला जड जाईल. गावात कोणी तोंडावर हसेलही. पण बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या मालकीचा हिशेब चोख ठेवलात, तोच तुमचा धर्म होता. शेठ पुरुष होते आणि आता मालक बाया आहेत, एवढाच फरक. तेवढ्यासाठी हा बेत सोडू नका. उलट, तुम्ही हळूहळू सगळंच हातात घ्याल आणि वहिनींचा गट नावाला राहील, ही भीती मला जास्त वाटते. पगार किंवा टक्केवारी गटाच्या ठरावात लिहून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना मर्यादा राहते.

त्याच शेडमध्ये एक प्लॅटफॉर्म काटा आणि ओल मोजायचं मीटर ठेवा. काट्यावर दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्या आणि तो लोकांना दिसेल असा ठेवा. पुढच्या हंगामापासून गावकऱ्यांनी कापूस बाहेर नेण्याआधी तुमच्याकडे वजन आणि ओल पाहून पावती घेऊन जावं. क्विंटलला 15 रुपये घेतले आणि 2,000 क्विंटल आले, तर 30,000 होतात. यावर घर चालत नाही, पण हा जोडधंदा आहे, आणि दालमिलवर माणसं आणायचं कामही तोच करेल. महामंडळाला कापूस द्यायला 2025-26 च्या हंगामापासून कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागते. सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक, सगळं जमवताना लोकांची दमछाक होते. तेही तुमच्या शेडमध्ये करून देता येईल. तुरीला भाव पडला असेल तेव्हा बाजार समितीची शेतमाल तारण योजना समजावून सांगा: मालाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम, सहा महिने, 6 टक्के व्याजानं. 1990 पासून आहे, तरी किती शेतकरी वापरतात ते तुम्ही जाणता.

हे सुरू झालं की पहिल्याच महिन्यात एखादा व्यापारी तुमच्याकडे येईल. "मुनीमजी, तुम्ही नुसता माल आमच्याकडे वळवा, क्विंटलमागे एवढे देतो." त्याला नाही म्हणा. ज्या दिवशी तुम्ही एका बाजूचे झालात, त्या दिवशी तुमच्या पावतीवर कोणी भरवसा ठेवणार नाही. स्वतः कापूस विकत घ्यायचाही मोह धरू नका. त्याला बाजार समितीचा परवाना लागतो आणि भांडवल जळतं.

वर्षाचा मेळ पाहा. जून ते सप्टेंबर शेती. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत काटा. जानेवारीत तूर निघाली की मे पर्यंत मिल. तीन एकर राखूनच हे जमतं. दोन लाख मिळाले तर त्यातले मुलीच्या उरलेल्या वर्षांच्या फीचे आधी बाजूला काढा, आणि धंद्यात फक्त आपला 10 टक्क्यांचा वाटा घाला.

असंच पत्र मला एका पतसंस्थेच्या वसुली कारकुनाचं आलं होतं, एका बंद पडलेल्या सूतगिरणीतल्या फिटरचंही. त्यांनाही हे सांगेन: जमीन विकण्याआधी, कर्ज उचलण्याआधी जुन्या मालकाकडून काय येणं आहे ते कागदावर मांडा. मग एक हंगाम कुठंही पगारावर काढा. आणि नोकरी सुटल्यावरही लोक तुम्हाला काय विचारायला येतात, ते महिनाभर लिहून ठेवा. फिटरकडे पंपाची मोटर घेऊन येणारे असतील, कारकुनाकडे बँकेचा फॉर्म घेऊन. सुरुवात तिथून करा, आणि जे लोकांना उधार द्यावं लागेल त्यापासून पहिली दोन वर्षं लांब राहा.

साळ्याला काय सांगायचं, याचा तुम्हाला घोर असेल. पण त्याआधी एक गोष्ट विचारते. साळे म्हणजे वहिनींचे सख्खे भाऊ. त्यांच्या बेताबद्दल वहिनींचं मत काय, हे तुमच्या लांबलचक पत्रात कुठंच नाही. त्यांनी दालमिल सुचवली ती केव्हा? दुकानाची बोलणी सुरू झाल्यानंतर ना? भावाला तोंडावर नको म्हणता येत नाही म्हणून बाई असा दुसरा बेत पुढं करते, असंही असतं. आज रात्री तीनला जाग आली तर अंगणात एकटे फिरू नका. सकाळी चहाच्या वेळी त्यांना सरळ विचारा, आणि त्यांचं होईपर्यंत मध्ये बोलू नका.

मग दोघं मिळून साळ्याकडे जा आणि तुम्हीच बोला: "वावर विकत नाही, हे पक्कं झालं. दुकान तू टाक, माझा आशीर्वाद आहे. महिन्यातून एकदा येऊन वही पाहून देईन, त्याचे पैसे नको. फक्त उधारी देताना कोणाला माझं नाव सांगू नको."